साठा आणि उतारा : रिलेशनल डेटाबेसमधून माहिती काढणे व मांडणे (सातबाऱ्याच्या संदर्भात)

सारांश :
रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती कशी साठवली जाते याविषयी महाविद्यालयीन अभ्यासक्रमात पुष्कळ शिकवले जाते. त्या साठ्यातून माहिती बाहेर काढताना व कागदावर मांडताना होणाऱ्या चुकांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सातबारा उतारा हे उदाहरण घेऊन माहिती निवडणे, तक्ते जोडणे, बेरीज करणे, क्रम लावणे व अंतिम मांडणी करणे या पायऱ्या स्पष्ट केल्या आहेत. सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवरील सामाईक व पडीक जमिनींच्या संदर्भात या चुकांचे परिणाम काय होतात याची चर्चा केली असून अध्यापकांना स्वतःच्या याद्या तपासता याव्यात म्हणून काही सोप्या कसोट्या सुचविल्या आहेत.

बीजशब्द : रिलेशनल डेटाबेस, एसक्यूएल, सातबारा, जोड, रिक्त मूल्य, युनिकोड, सिंधुदुर्ग.

१. प्रस्तावना :
कोकणात जमिनीचे तुकडे लहान आणि त्यांवरील नावे पुष्कळ, ही वस्तुस्थिती सर्वपरिचित आहे. दहा-बारा गुंठ्यांच्या एका तुकड्यावर आजोबांच्या पिढीतील भाऊ, त्यांची मुले, नातवंडे, लग्न होऊन गेलेल्या मुली अशी पंधरा-वीस नावे असणे येथे नवलाचे मानले जात नाही. त्यांतील निम्मे खातेदार मुंबईस असतात. चतुर्थीला किंवा मे महिन्यात गावी आले की सातबारा काढून पाहणे हा त्यांच्या मुक्कामातील ठरलेला कार्यक्रम असतो. आपले नाव उताऱ्यावर आहे ना, एवढेच त्यांना पाहावयाचे असते.

काही वर्षांपूर्वी मालवण तालुक्यातील एका वाडीतील जमीनधारकांची यादी विद्यार्थ्यांकडून प्रकल्प म्हणून करून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखकाने केला. वाडीतील लोकांनी आपापले उतारे आपणहून दिले. विद्यार्थ्यांनी ते संगणकावर तीन तक्त्यांत भरले. यादी छापून वाडीत वाचून दाखविली तेव्हा एका वृद्ध बाईंनी विचारले, "ह्यात माझा नाव खंय गेला?" त्यांचे नाव उताऱ्यावर होते. आमच्या तक्त्यातही होते. छापलेल्या यादीत मात्र नव्हते. माहिती भरणाऱ्या विद्यार्थ्याची त्यात काही चूक नव्हती. यादी काढण्याची आज्ञा प्रस्तुत लेखकाने स्वतः लिहिली होती आणि दोष त्या आज्ञेत होता.

साठा अचूक असूनही त्यातून निघणारा उतारा चुकीचा असू शकतो, हे त्या दिवशी लक्षात आले. असे का घडते व ते कसे टाळावे, हा या लेखाचा विषय आहे. विषय संगणकशास्त्राचा असला तरी आज प्रत्येक विभागातील अध्यापकास प्रवेश, उपस्थिती, शिष्यवृत्ती, निकाल यांच्या याद्यांशी संबंध येतोच. त्यामुळे विवेचन शक्य तेवढे सर्वसामान्य भाषेत केले आहे.

२. साठा आणि उतारा यांतील भेद :
आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील गणितज्ञ एडगर कॉड यांनी जून १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. तोपर्यंत माहिती काढणाऱ्याला ती यंत्रात नेमकी कोठे व कोणत्या क्रमाने ठेवली आहे हे माहीत असावे लागे. मांडणी बदलली की माहिती काढणारे प्रोग्रॅमही बदलावे लागत. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांमधील नाते मूल्यांच्या समानतेवरून ओळखावे आणि वापरणाऱ्याने 'काय हवे' एवढेच सांगावे, 'कसे शोधावे' हे यंत्रणेवर सोपवावे, असा कॉड यांचा आग्रह होता. याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी एक भाषा सुचविली. तीच पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झाली व १९८६ मध्ये तिला अमेरिकेत, तर १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय स्तरावर प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला. कॉड यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

या कल्पनेचे मर्म समजून घेण्यास आपल्याकडील महसुली दप्तरासारखे दुसरे उदाहरण नाही. ज्याला आपण सातबारा म्हणतो तो वस्तुतः दोन नमुन्यांचा मिळून बनलेला उतारा आहे. वरचा भाग गाव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख. जमीन कोणाची, किती, कोणत्या फेरफाराने आली, तिच्यावर बोजा कोणता, हे त्यात असते. खालचा भाग गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंदवही. याखेरीज एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दाखविणारा गाव नमुना आठ अ असतो आणि हक्कातील प्रत्येक बदल ज्यात नोंदविला जातो तो गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही.

सात आणि आठ अ यांची तुलना करून पाहावी. दोहोंत माहिती बरीचशी तीच आहे. सातमध्ये ती भूखंडानुसार, तर आठ अ मध्ये खात्यानुसार लावलेली आहे. हस्तलिखित दप्तराच्या काळात ही दोन स्वतंत्र पुस्तके होती. एकात बदल करून दुसऱ्यात करावयाचा राहिला की दोहोंत विसंगती निर्माण होई. रिलेशनल पद्धतीत ही दोन पुस्तके राहत नाहीत. साठा एकच असतो व त्याला दोन वेगवेगळे प्रश्न विचारून दोन उतारे काढले जातात. असा वारंवार विचारला जाणारा प्रश्न नाव देऊन जपून ठेवता येतो. त्याला तांत्रिक भाषेत 'व्ह्यू' म्हणतात. थोडक्यात, सातबारा ही साठ्यावर उघडलेली एक खिडकी आहे. खिडकीतून जे दिसत नाही ते घरात नाही असे समजणे चुकीचे ठरते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा त्यांपैकी एक होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात पुढे ई-फेरफार प्रणालीद्वारे फेरफारांची नोंद संगणकावर होऊ लागली आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करण्याची ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. म्हणजेच नमुना बाराची माहिती आता वेगळ्या वाटेने साठ्यात येते आणि उताऱ्यावर ती नमुना सातला जोडली जाते. ही 'जोड' हाच पुढील विवेचनाचा गाभा आहे.

३. एक उदाहरण :
खऱ्या खातेदारांची माहिती येथे देणे उचित नसल्याने पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका वाडीत चार भूखंड आहेत असे मानू.

पहिला भूखंड : सर्व्हे ४१, हिस्सा १. क्षेत्र १,२०० चौरस मीटर. खातेदार एक. खरिपात भात.
दुसरा भूखंड : सर्व्हे ४१, हिस्सा २. क्षेत्र ८०० चौरस मीटर. खातेदार तीन. खरिपात भात, रब्बीत कुळीथ.
तिसरा भूखंड : सर्व्हे ४१, हिस्सा १०. क्षेत्र २,५०० चौरस मीटर. खातेदार दोन. माडाची बाग.
चौथा भूखंड : सर्व्हे ४२, हिस्सा १. क्षेत्र ३,५०० चौरस मीटर. खातेदार पाच. पड.

साठ्यात यासाठी तीन तक्ते असतील. 'भूखंड' तक्त्यात चार ओळी, 'हक्क' तक्त्यात प्रत्येक खातेदाराची एक याप्रमाणे अकरा ओळी, आणि 'पीक' तक्त्यात चार ओळी : पहिल्या व तिसऱ्या भूखंडाची एकेक, दुसऱ्याच्या दोन. चौथ्या भूखंडावर पीक नसल्याने या तिसऱ्या तक्त्यात त्याची ओळच नाही.

४. जोड आणि गळती :
आता 'खातेदार, त्याचा भूखंड व त्यातील पीक' अशी यादी मागितली असता तिन्ही तक्ते भूखंड क्रमांकाच्या आधारे जोडावे लागतात. एसक्यूएलमधील नेहमीची जोड, जिला 'इनर जॉइन' म्हणतात, ती दोन्ही बाजूंना जुळणाऱ्या ओळीच ठेवते. जिला जोडीदार मिळत नाही ती ओळ काही न सांगता सोडून देते. चौथ्या भूखंडाला पीक तक्त्यात जोडीदार नाही. परिणामी त्याचे पाचही खातेदार यादीतून नाहीसे होतात.

याच वेळी दुसऱ्या भूखंडाला दोन पिके असल्याने त्याचे तीन खातेदार दोन-दोनदा येतात. म्हणजे तीन ओळी वाढतात. मूळ अकरांतून पाच गेल्या, तीन वाढल्या, यादी नऊ ओळींची झाली. खातेदारी अकरा असताना यादीत नऊ ओळी दिसल्या, तर ओझरते पाहणाऱ्यास शंका येत नाही. गळती आणि पुनरुक्ती एकमेकींना झाकतात. आमच्या यादीत हेच झाले होते. त्या बाईंची जमीन पड होती. पीक नाही म्हणून ओळ नाही, ओळ नाही म्हणून जोड नाही, आणि जोड नाही म्हणून नाव नाही.

यावरील उपाय 'लेफ्ट आउटर जॉइन' हा आहे. या जोडीत डावीकडील तक्त्याची प्रत्येक ओळ राखली जाते. उजवीकडे जोडीदार नसेल तर ती जागा रिकामी राहते. यादी खातेदारांची असेल तर हक्काचा तक्ता डावीकडे हवा. यादी कोणाची आहे हे आधी ठरवावे व तो तक्ता आधार मानावा, हा नियम साधा असला तरी व्यवहारात तोच अधिक वेळा मोडला जातो.

येथे आणखी एक धोका आहे. जोड योग्य लिहून पुढे 'व्हेअर' या अटीत 'पिकाचे वर्ष २०२३' असे घातले की रिकाम्या जागा राखलेल्या ओळी पुन्हा गळतात, कारण रिकामी जागा २०२३ च्या बरोबरीची नसते. ही अट जोडीच्या 'ऑन' या भागात असावयास हवी. दोन्ही आज्ञा दिसावयास जवळजवळ सारख्या असतात, दोन्ही विनातक्रार चालतात, परंतु उत्तरे भिन्न देतात.

अध्यापकांच्या नित्याच्या कामात या चुकीचे एक बोलके उदाहरण सापडते. उपस्थितीच्या तक्त्यात विद्यार्थी हजर असेल त्याच दिवसाची ओळ भरली जात असेल व त्यावरून ७५ टक्क्यांहून कमी उपस्थितीची यादी काढली, तर जो विद्यार्थी एकही दिवस आला नाही त्याचे नाव त्या यादीत येत नाही. ज्याच्यासाठी यादी करावयाची तोच तीतून सुटतो.

५. बेरीज आणि फुगवटा :
वाडीचे एकूण क्षेत्र ८,००० चौरस मीटर आहे. आता भूखंड व हक्क हे दोन तक्ते जोडून क्षेत्राची बेरीज केली असता काय होते ते पाहू. प्रत्येक भूखंडाचे क्षेत्र त्याच्या खातेदारांइतक्या वेळा मोजले जाते : १,२०० एकदा, ८०० तीनदा, २,५०० दोनदा, ३,५०० पाचदा. बेरीज २६,१०० भरते, म्हणजे मूळ क्षेत्राच्या तिपटीहून अधिक. पिकाचा तक्ताही इनर जॉइनने जोडला तर बेरीज ११,००० येते. हा आकडा ८,००० च्या अधिक जवळचा असल्याने अधिक फसवा आहे. त्यात एक भूखंड अजिबात नाही व एक सहा वेळा मोजलेला आहे.

घाटावर जेथे एका भूखंडावर एक-दोन नावे असतात तेथे हा फुगवटा लहान राहतो. कोकणात तो मोठा होतो. उपाय असा की ज्या गोष्टीची बेरीज हवी तिची बेरीज तिच्या मूळ तक्त्यात आधी करावी व मग इतर तक्ते जोडावेत.

यातून एक तात्त्विक प्रश्नही उद्भवतो. सामाईक खात्यात प्रत्येकाचा वाटा नोंदविलेला नसेल तर प्रत्येकाच्या नावापुढे किती क्षेत्र छापावे? ३,५०० ला पाचने भागून ७०० छापणे संगणकास सोपे आहे. पण तसा वाटा कोणत्याही फेरफाराने ठरलेला नाही. भाऊ, पुतणे व बहीण यांचे वाटे सारखे असतीलच असे नाही. साठ्यात नसलेली गोष्ट मांडणीच्या सोयीसाठी निर्माण करणे अयोग्य होय. अशा ठिकाणी क्षेत्र खात्यापुढे एकदाच दाखवावे व नावांपुढील जागा रिकामी ठेवावी.

६. रिक्त मूल्य आणि कंसातील नावे :
हस्तलिखित सातबाऱ्यावरील कमी झालेले नाव पुसले जात नसे. त्यास कंस केला जाई. मयत खातेदार, फेडलेला बोजा, विकलेला हिस्सा या साऱ्यांचा इतिहास त्यामुळे उताऱ्यावर दिसत राही. जाणकार माणूस कंस पाहून कोणते नाव चालू व कोणते सरले हे ओळखे. २०२० मध्ये शासनाने सातबाऱ्याच्या नमुन्यात बदल केले, तेव्हा अशा नोंदींवर आडवी रेघ दाखविण्याची पद्धत आली.

कंस असो वा रेघ, ती मांडणी होय. साठ्यात तिच्यासाठी 'स्थिती' असा स्वतंत्र स्तंभ लागतो. 'चालू' किंवा 'कमी' असे मूल्य त्यात असते व छापतेवेळी त्यावरून रेघ काढावयाची की नाही हे ठरते. नाव भरतानाच त्याभोवती कंस टंकित केला तर संगणकाच्या दृष्टीने ते वेगळेच नाव होते. शोधताना ते सापडत नाही आणि चालू नावांच्या गणतीत मात्र शिरते.

स्थितीचा स्तंभ केला आणि जुन्या नोंदींत तो भरावयाचा राहिला, तर नवी अडचण येते. रिलेशनल पद्धतीत न भरलेल्या जागेस 'नल', म्हणजे रिक्त मूल्य म्हणतात. ते शून्य नव्हे व कोरा शब्दही नव्हे. त्याचा अर्थ 'माहीत नाही' एवढाच आहे. 'ज्यांची स्थिती कमी नाही ते सर्व दाखवा' अशी आज्ञा दिल्यास रिक्त स्थितीच्या नोंदी येतील अशी आपली अपेक्षा असते. त्या येत नाहीत. माहीत नसलेली गोष्ट 'कमी'हून वेगळी आहे का, याचे उत्तर यंत्रणा 'होय' असे देत नाही व 'नाही' असेही देत नाही. ती 'अज्ञात' असे देते, आणि व्हेअरच्या चाळणीतून फक्त 'होय' उत्तराच्या ओळीच खाली उतरतात. म्हणून रिक्त मूल्यांचा उल्लेख आज्ञेत स्वतंत्रपणे करावा लागतो. येथेही बाधा बहुधा जुन्या नोंदींना, म्हणजे जुन्या माणसांना होते.

७. क्रम, अंक आणि अक्षरे :
रिलेशनल तक्त्यातील ओळींना स्वतःचा क्रम नसतो. 'ऑर्डर बाय' लिहिल्याशिवाय येणारा क्रम हा योगायोग समजावा. आज सरळ आलेली यादी उद्या वेगळ्या क्रमाने येऊ शकते.

क्रम मागितल्यावरही अडचणी संपत नाहीत. हिस्सा क्रमांकात '२अ' यासारखी अक्षरे येत असल्याने तो स्तंभ मजकूर म्हणून साठवला जातो. मजकूर डावीकडून एकेक अक्षर पाहून लावला जातो. म्हणून हिस्से १, १०, २ अशा क्रमाने येतात. अंकभाग व अक्षरभाग वेगळ्या स्तंभांत ठेवून आधी अंकाने व मग अक्षराने क्रम लावणे हाच खात्रीचा मार्ग होय. तसेच देवनागरी अंक व इंग्रजी अंक यांचे संकेतांक भिन्न असल्याने, काही नोंदी एका व काही दुसऱ्या अंकांत भरल्या असतील तर मजकूर म्हणून त्या एकमेकींशी जुळत नाहीत. साठ्यात एकच पद्धत ठेवावी व देवनागरी रूप छापतेवेळी द्यावे.

क्षेत्राचेही तसेच आहे. जुन्या कागदांवर २ एकर ३० गुंठे हे क्षेत्र '२.३०' व १ एकर २० गुंठे हे '१.२०' असे लिहिलेले आढळते. संगणकाने ते दशांश समजून बेरीज केली की ३.५० येते व वाचणारा ते साडेतीन एकर मानतो. वस्तुतः ४० गुंठ्यांचा एकर असल्याने बेरीज ४ एकर १० गुंठे होते. फरक ३० गुंठ्यांचा पडतो. किनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांची सगळी जमीनही तेवढी नसते. क्षेत्र चौरस मीटरमध्ये एकाच पूर्णांकाने साठवावे आणि हेक्टर, आर, चौरस मीटर हे रूप छापताना द्यावे. ४,५५० चौरस मीटर हे उताऱ्यावर ०.४५.५० असे दिसेल.

मराठी नावांचा क्रम हा स्वतंत्र विषय आहे. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. युनिकोडमध्ये त्याचे स्थान 'ल' व 'व' यांच्या मध्ये आहे. त्यामुळे केवळ संकेतांकांनी लावलेल्या यादीत कळसुली हे गाव कसालच्या आधी येते, तर वर्णमालेनुसार ते नंतर यावयास हवे. 'क्ष' व 'ज्ञ' ही अक्षरे युनिकोडमध्ये जोडाक्षरे असल्याने ती अनुक्रमे 'क' व 'ज' यांच्या पोटात जातात. डेटाबेसला भाषेनुरूप क्रमनियम सांगण्याची सोय असते. तो कोणता निवडला आहे हे तपासून पाहावे.

क्रमाहून गंभीर प्रश्न शोधाचा आहे. 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडकर' यांसारख्या आडनावांतील अर्धा 'ऱ' दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात त्यासाठी असलेले स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्यात साधा 'र', हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला दोन निरनिराळी नावे वाटतात. एका पद्धतीने भरलेले नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास 'नोंद आढळली नाही' असे उत्तर येते. समोर बसलेल्या माणसाला ते 'तुमची नोंद नाही' असे ऐकू येते. युनिकोडपूर्वीच्या फॉण्टांतून रूपांतरित केलेल्या जुन्या माहितीत अशी सरमिसळ होण्याचा संभव अधिक असतो. भरतेवेळीच सर्व नावे एका रूपात आणणे हा त्यावरील उपाय होय.

८. मांडणीचे वजन :
ही सारी चर्चा तांत्रिक बारकाव्यांची वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. महसुली नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले असले तरी कर्ज, खरेदी, भूसंपादनाचा मोबदला, वारस नोंद या प्रत्येक व्यवहारात प्रथम उतारा पाहिला जातो. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद कलम १५५ मध्ये आहे, परंतु त्यासाठी चूक लक्षात येणे आवश्यक असते. चुकीचे छापलेले नाव दिसते आणि कोणीतरी हरकत घेते. न छापलेले नाव दिसतच नाही. मुंबईत राहणाऱ्यास किंवा सासरी गेलेल्या बहिणीस ते कित्येक वर्षे कळणारही नाही.

मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी २०२५ मध्ये शासनाने 'जिवंत सातबारा' ही मोहीम हाती घेतली. साठा खरा व ताजा ठेवण्याच्या दृष्टीने ती आवश्यकच आहे. मात्र साठा ताजा झाला तरी त्यातून निघणाऱ्या याद्या, गोषवारे, पात्रांच्या व अपात्रांच्या सूच्या नव्याने लिहिलेल्या आज्ञांतूनच तयार होणार आहेत. तेथील दक्षता ही वेगळी बाब आहे.

९. काही कसोट्या :
यादी छापण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासाव्यात असे सुचवावेसे वाटते.

१) यादी कोणाची आहे ते एका वाक्यात लिहावे. त्या तक्त्यातील ओळींची संख्या व यादीतील भिन्न व्यक्तींची संख्या सारखी आहे का ते पाहावे. केवळ एकूण ओळी मोजू नयेत.
२) बेरजेचा आकडा मूळ तक्त्यातील बेरजेशी पडताळावा.
३) यादीत न आलेल्यांची उलट यादी काढावी. ती रिकामी नसेल तर प्रत्येक नाव का गळले याचे कारण सांगता आले पाहिजे.
४) अट घातलेल्या प्रत्येक स्तंभात रिक्त मूल्ये किती आहेत ते मोजावे.
५) यादीच्या शिरोभागी ती कोणत्या दिवशीची व कोणत्या अटीवर काढलेली आहे ते छापावे. वाचणाऱ्यास अट ठाऊक असेल तरच त्याला गळती ओळखता येते.
६) शक्य असेल तेथे यादी ज्यांच्याविषयी आहे त्यांना ती वाचून दाखवावी.

यांतील सहावी कसोटी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सहसा नसते. आमची चूक मात्र तिच्यामुळेच सापडली.

१०. निष्कर्ष :
रिलेशनल डेटाबेसमधील उतारा हा साठ्याचे आरशातील प्रतिबिंब नसून विशिष्ट प्रश्नाला मिळालेले उत्तर असते. प्रश्न सदोष असेल तर अचूक साठ्यातूनही सदोष उत्तर निघते आणि यंत्रणा त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. इनर जॉइनमुळे होणारी गळती, अनेक नावांमुळे फुगणारी बेरीज, रिक्त मूल्यांमुळे वगळल्या जाणाऱ्या नोंदी आणि लिपीच्या भिन्न रूपांमुळे न सापडणारी नावे, हे चार दोष कोकणातील जमिनीच्या माहितीत प्रकर्षाने आढळण्याजोगे आहेत, कारण येथील जमीन सामाईक आहे, बरीचशी पड आहे आणि तिचे धनी दूर आहेत. अध्यापनात तक्ते कसे करावेत याच्या जोडीने हेही शिकविले जावे. विद्यार्थ्यांना चुकीची आज्ञा, तिचे बिनचूक वाटणारे उत्तर आणि त्यातून गळलेली ओळ अशा तिन्ही गोष्टी एकत्र दाखवाव्यात.

आमच्या यादीतील जोड बदलण्यास एका शब्दाचा फरक पुरला. दुरुस्त यादी घेऊन विद्यार्थी पुन्हा वाडीत गेले. त्या बाईंच्या नावापुढील पिकाची जागा रिकामी होती. त्यांनी विद्यार्थ्यांकडून स्वतःचे नाव दोनदा वाचून घेतले आणि मग भावांची नावे आहेत ना, ते विचारले.